आधी देवदूत, मग नाताळबाबा

मी, या गल्लीच्या कोपऱ्यावरच्या लाँड्रीची मालकीण, कपडे धुणाऱ्याची मुलगी आणि कपडे धुणाऱ्याचीच विधवा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायद्याला गुडघ्यांशी काही कर्तव्य नाही असे वकील म्हणतात. माझ्यावर कोणीही दडपण आणलेले नाही. उलट माझ्या दोन मुलांवर दडपण यावे याच हेतूने मी लिहायला बसले आहे. यापूर्वी रागाच्या भरात केलेली माझी सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत. हेही रागाच्या भरातच केले आहे, पण हे कायम राहील.

वकील समोर बसले आहेत. आमचे जुने गिऱ्हाईक. मघाशी म्हणाले, "बाई, भावना लिहू नका, मिळकत लिहा." मी म्हटले, "मिळकत लिहायला अर्धे पान पुरेल. उरलेल्या कागदाचं काय करू?" तेव्हापासून ते चहा पीत आहेत.

कलम १. माझे वारस. मला दोन मुले. थोरली दुकानांच्या काचा सजवते आणि तिला जुळे मुलगे आहेत, ज्यांना सगळे जोडगोळी म्हणतात. धाकटा शाळेत गणित शिकवतो आणि त्याला एक मुलगी आहे, छकुली, वय वर्षे सात. थोरली आणि धाकटा मागच्या हिवाळ्यापासून एकमेकांशी बोलत नाहीत. भांडण जमिनीचे नाही, दागिन्यांचे नाही. भांडण नाताळबाबाचे आहे. हे लिहिताना मला लाज वाटते, पण खरे आहे.

कलम २. घर. दुकानाच्या वरच्या तीन खोल्या थोरली आणि धाकटा यांना मिळून, समान हक्काने. भिंत घालून वाटणी करायची नाही. आधी मला लिहायचे होते की जो दुसऱ्याला नाताळच्या दिवशी जेवायला बोलावेल त्याला घर मिळेल. वकिलांनी कपाळाला हात लावला. म्हणाले, ही अट कोर्टात टिकायची नाही, जेवायला बोलावले की नाही याचे पुरावे कोण तपासणार? म्हणून अट काढली. राग काढलेला नाही.

कलम ३. दुकान. धुलाईची दोन यंत्रे, वाफेची इस्त्री, कपडे टांगायच्या दांड्या, डाग काढायची सगळी औषधे आणि गिऱ्हाइके इस्त्रीवाल्याला द्यावीत. त्याला गल्लीत वाफेराव म्हणतात, कारण तो दिवसभर वाफेत असतो आणि बोलतोही गरम. मोठ्या यंत्राचे झाकण डाव्या बाजूने दाबल्याशिवाय बंद होत नाही, हे त्याला माहीत आहे; माझ्या मुलांना माहीत नाही. या कलमामुळे त्याला साक्षीदार होता येत नाही असे कळल्यावर तो म्हणाला, "मग दुकान राहू द्या, मला सहीच करू द्या." मी त्याला आत हाकलले.

कलम ४. कोट. चर्चचा कारभार पाहणारे माजी पंच यांचा करडा कोट दुकानात कित्येक वर्षे पडून आहे. धुवायला टाकला आणि मग भांडण झाले म्हणून न्यायला आले नाहीत. दरवर्षी मी त्याला हवा दिली, कसर लागू दिली नाही. तो कोट त्यांना घरपोच द्यावा. मजुरी घेऊ नये. इस्त्री मात्र करू नये. का, ते पुढच्या कलमात येईल.

कलम ५. पत्र्याची पेटी. दुकानामागच्या खोलीत कपाटाखाली एक पेटी आहे. तिच्यात देवदूतांचे आठ झगे, मेंढपाळांच्या घोंगड्या, एक लाल सूट आणि कापसाची दाढी आहे. बाजारात या पेटीला काही किंमत येणार नाही. माझ्या घरात जे काही बिनसले ते हिच्यातूनच, म्हणून हिच्याबद्दल सविस्तर लिहिते.

लाँड्रीत एक नियम कडक असतो. कपडा पाण्यात टाकण्याआधी खिसे तपासायचे आणि जे निघेल ते गिऱ्हाइकाला परत द्यायचे. आमची मुले लहान असताना खिसे तपासायचे काम त्यांच्याकडे होते. नाताळ जवळ आला की चर्चमधल्या मुलांच्या येशूजन्माच्या नाटकाचे कपडे आमच्याकडे यायचे आणि आम्ही ते फुकट धुऊन द्यायचो. त्याच दांडीवर एक लाल सूटही टांगलेला असायचा. मुलांना सांगितले होते की नाताळबाबा हाही आपलाच गिऱ्हाईक. रस्त्यारस्त्याने फिरून त्याचा सूट मळतो आणि तो सणाआधी इथे टाकून जातो. नाताळच्या रात्री तोच सूट घालून, कापसाची दाढी लावून तो दारात डोकावूनही जायचा. त्याच्या खिशांत मुलांना काहीतरी मिळायचे. भोवरा, रंगीत खडू, गोळ्या, एकदा तर शिट्टी, जिने आमच्या नाकी नऊ आणले. सोबत चिठ्ठी असायची की तपासणाऱ्याने हे ठेवून घ्यावे.

थोरली दरवर्षी घाई करायची. "बाबा, त्याचा सूट आधी धुवा ना, त्याला उशीर होईल."

माझा नवरा झगे यंत्रात भरत म्हणायचा, "वाढदिवस त्याचा आहे का?"

"नाही."

"कोणाचा आहे?"

"येशूबाळाचा."

"मग थांबेल तो रांगेत. आधी देवदूत, मग नाताळबाबा."

एवढीच आमची शिकवण. रविवारच्या शाळेत मुले काय शिकली मला माहीत नाही, पण रांग शिकली. आधी चर्च, आधी येशूबाळाच्या गव्हाणीपुढे प्रार्थना, मग खिसे, मग मस्ती. नवऱ्याचा स्वभाव खेळकर होता, माझा नव्हता; तरी मला ही रांग पटली होती. पोरांना देवाबद्दल सांगायचे तर तोंड वाकडे करूनच सांगितले पाहिजे असे कुठे आहे?

मग तो डिसेंबर आला. धाकटा तेव्हा नऊ वर्षांचा. घरच्या कपड्यांना आम्ही निळ्या दोऱ्याची गाठ मारायचो, म्हणजे गिऱ्हाइकांच्या कपड्यांत मिसळू नयेत. लाल सुटाच्या आतल्या खिशात त्याला एक रुमाल सापडला, आणि रुमालाला निळी गाठ. लाँड्रीतले पोर ते. त्याला आणखी काही सांगावे लागले नाही. रुमाल घेऊन तो बापासमोर उभा राहिला. "हा सूट तुमचाच आहे." बाप हसला. पण पोराने पुढे विचारले, "मग देवदूतांचंही असंच आहे का? आणि येशूचं?"

माझा नवरा गडबडला. त्याला कपड्यावरचा कुठलाही डाग नुसता बघून ओळखता यायचा, पण असा प्रश्न त्याच्यासमोर कधी कोणी टाकला नव्हता. "नंतर बोलू," म्हणाला, आणि हात रिकामे राहू नयेत म्हणून समोरचा ढीग उचलून यंत्रात कोंबला. सगळाच ढीग. झगे आणि लाल सूट एकत्र, आणि पाणी गरम. आयुष्यभर या धंद्यात असलेल्या माणसाने केलेली ती पहिली आणि शेवटची तशी चूक. झाकण उघडले तेव्हा आठही देवदूत गुलाबी झाले होते.

रंग काढायचे जेवढे उपाय होते तेवढे मी केले. नवे झगे शिवायला वेळ नव्हता. पंचांनी तो ढीग दोन बोटांनी उचलून पाहिला आणि म्हणाले, "हा देवाच्या घरातला सोहळा आहे, जत्रा नव्हे." चर्चचे पाळक, म्हणजे धर्मगुरू, बिचारे मवाळ, त्यांनी मधला मार्ग काढला की देवदूतांनी पडद्यामागून बोलावे. थोरली त्या वर्षी मुख्य देवदूत होती. मेंढपाळांना धीर देण्याचे एकच वाक्य तिला होते आणि ते ती महिनाभर इस्त्रीच्या टेबलावर उभी राहून घोकत होती. ते वाक्य तिने पडद्यामागून म्हटले. कोणाला ती दिसली नाही. घरी येऊन तिने झगा माझ्या अंगावर फेकला. पंचांच्या कोटाला इस्त्री का करू नये, ते आता कळले असेल.

एका धुलाईत माझी दोन्ही मुले हातची गेली. धाकट्याने राग धरला लाल सुटावर, थोरलीने पांढऱ्या झग्यांवर. दोघांनी पुढे आपापली घरे मांडली ती याच रागावर. धाकट्याच्या घरी बायबल, प्रार्थना, उपासना सगळे वेळच्या वेळी, पण भेटीसाठी मोजा टांगायचा नाही, दाढीवाला नाही, लपवाछपवी नाही. म्हणतो, "आई, देव दिसत नाही, नाताळबाबाही दिसत नाही. एक खोटा निघाला की पोर दुसऱ्यावर कशाला विश्वास ठेवेल?" थोरलीच्या घरी दिवे, झाड, मोजे, कापसाचा बर्फ, पायरीवर सुद्धा घंट्या. पण गव्हाणी नाही आणि चर्चचे नाव काढायचे नाही. म्हणते, "आई, मला त्या देवाच्या घरातला फक्त पडदा आठवतो. माझ्या पोरांना नुसती मजा करू दे."

मागच्या हिवाळ्यात मी मोठ्या हौसेने तिन्ही नातवंडांना दुकानात बोलावले. काउंटरवर गव्हाणी मांडली होती. जोडगोळीतल्या एकाने तिच्यात डोकावून विचारले, "आजी, हे बाळ नाताळबाबाचं का?"

मी तोंड उघडायच्या आत छकुली म्हणाली, "नाताळबाबा नसतोच. ते खोटं असतं. तुमची आई खोटं बोलते."

दोघांनी गळा काढला. थोरली आणि धाकटा घ्यायला आले ते तिथेच जुंपले, गिऱ्हाइकांच्या देखत. तो म्हणाला तिने मुलांना अनाथासारखे वाढवले आहे, ती म्हणाली त्याने मुलीला म्हातारी करून ठेवले आहे. वाफेरावाने इस्त्री खाली ठेवली आणि त्याच्या हातून एक शर्ट करपला. मुले आपापल्या आईच्या, बापाच्या मागे उभी राहून ऐकत होती. तेव्हापासून ती तिघे भेटलेली नाहीत.

मला दोघांचाही राग येतो, आणि तो समान हक्काने येतो. एकाचे पोर बाळाला ओळखत नाही आणि एकीचे, चुकले, एकाचे पोर हसायला घाबरते आणि एकीची पोरे बाळाला ओळखत नाहीत. वकील म्हणतात खोडू नका, नाहीतर खोडलेल्या जागी सही करावी लागेल. म्हणून तसेच ठेवले आहे.

मागच्या आठवड्यात छकुली सुनेबरोबर दुकानात आली होती. सून वाफेरावाशी बोलत होती. दांडीवर कोणाचा तरी लाल कोट होता. छकुली त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिली आणि मला हळूच म्हणाली, "आजी, मला माहीत आहे तो नसतो. पण नुसतं खेळ म्हणून खिशात हात घालून बघू का? पप्पांना सांगायला लागेल का?" सात वर्षांच्या पोरीने खेळायची परवानगी मागावी आणि तीही चोरून, यापेक्षा वाईट मी माझ्या दुकानात काही ऐकलेले नाही. मी सांगितले, घाल हात. खिसा रिकामाच होता. ती म्हणाली, "असू दे, मजा आली."

कलम ६. धाकट्यास. तुला बापाकडून उत्तर मिळाले नाही. तो बरेच दिवस शोधत होता आणि शोधता शोधता गेला. त्याची देणी मी फेडते, त्यात हेही आले. सूट खोटा होता, बाळा. त्यातला बाप खरा होता. आपण चर्चमध्ये उभे राहून काय म्हणतो? की प्रत्यक्ष देव एका बाळाचे अंग घेऊन गोठ्यात आला, म्हणजे आपल्याला त्याची भीती वाटू नये. देवाने आपल्याजवळ येण्यासाठी एवढे केलेले तुला चालते, आणि तुझ्या बापाने तुझ्याजवळ येण्यासाठी लाल कपडे घातले तर तू आयुष्यभर रुसून बसतोस? खेळ होता. खेळ कोणाच्या वाढदिवसाचा आहे हे आम्ही तुझ्यापासून एक दिवसही लपवले नाही. तू गणित शिकवतोस, तरी रांगेतला पहिला आणि दुसरा तुला कळला नाही, याचे मला नवल वाटते. बापाचे घड्याळ तुला.

कलम ७. थोरलीस. माझ्या सोन्याच्या बांगड्या तुला. आणि हेही. तू पडद्यामागून बोललीस तेव्हा मी पहिल्या बाकावर होते. मला फक्त तुझे पाय दिसत होते, पडद्याच्या खाली, मोज्यांत. आवाज स्वच्छ होता, एकदाही अडखळला नाही. माझ्या शेजारी बसलेली म्हातारी रडली. मी पण रडले. त्यानंतर मी कितीतरी प्रवचने ऐकली, पण धीर द्यावा तर तुझ्यासारखा, असेच मला दरवेळी वाटत आले. त्या पंचांनी तुला झाकले, येशूने नाही. त्यांचा राग गव्हाणीतल्या बाळावर काढून तू तुझ्या मुलांना उपाशी ठेवले आहेस. मजा भरपूर दिलीस, पण कशाची मजा ते सांगितले नाहीस. जोडगोळीला आपण कोणाच्या वाढदिवसाला आलो आहोत हे माहीत नाही आणि ती दरवर्षी खाऊन पिऊन घरी जातात. तुझ्यासारख्या शहाण्या बाईला हे शोभत नाही.

कलम ८. पेटी. ती थोरलीला नाही आणि धाकट्यालाही नाही. ती छकुली आणि जोडगोळी यांना मिळून. झगे गुलाबीच राहू द्यावेत. नाटक करायचे असेल तर चर्चमध्ये करावे. नवे पाळक तरुण आहेत, त्यांना विचारले तर म्हणाले, देवदूतांचा रंग कोणी पाहिला आहे? चर्चमध्ये नको असेल तर दुकानात करावे. कोण काय होणार हे मुलांनी ठरवावे. मोठ्यांनी प्रेक्षक व्हावे आणि तोंड बंद ठेवावे. रांग मात्र मोडू नये.

कलम ९. अंत्यविधी. साधा करावा. गाणी रडकी नकोत. माझ्या अंगावर घालायचे कपडे वाफेरावानेच इस्त्री करावेत. धाकट्याला कॉलर अजून जमत नाही.

कलम १०. वाचन. वकिलांचा याच कलमाला सर्वांत मोठा विरोध आहे आणि याच कलमासाठी मी आज हा खटाटोप केला आहे.

मी विचारले, "हे केव्हा वाचून दाखवाल?"

"तुम्ही गेल्यावर."

"आणि मी कधी जाणार?"

ते हसले. "तुमची तब्येत बघता अजून दहा वर्षं तरी काळजी नाही."

ऐकून दुसऱ्या कोणाला बरे वाटले असते. मी मात्र हिशेब केला. दहा वर्षांनी छकुली सतरा वर्षांची असेल. जोडगोळीला मिशा फुटल्या असतील. तेव्हा हा कागद उघडून माझी मुले रडतील, एकमेकांच्या गळ्यात पडतील, पेटी बाहेर काढतील, आणि त्या झग्यांत मावेल असे घरात एकही मूल नसेल. मी चांगली जगले तर माझ्या नातवंडांचे नुकसान, असा हा कागद मला नको आहे. नवरा "नंतर बोलू" म्हणाला होता. त्या नंतरची वाट पाहून पाहून माझी मुले मोठी झाली.

म्हणून मी असे ठरवते की हे मृत्युपत्र मी जिवंत असताना वाचले जावे. येत्या रविवारी दुपारी, दुकानामागच्या खोलीत, थोरली आणि धाकटा दोघांसमोर, मोठ्याने. वकिलांनी वाचावे. मी समोर बसेन. ज्याला भांडायचे आहे त्याने माझ्याशी भांडावे. मला उत्तर देता येते तोवर देईन. मिळकत मेल्यावर घ्या, घाई नाही. बाकी सगळे आताच घ्या.

तिन्ही नातवंडांना सोबत आणणे बंधनकारक आहे. त्यांना आत बसवू नये. दुकानाचा पुढचा भाग त्यांच्यासाठी मोकळा ठेवला जाईल. वाचन चालू असताना बाहेरून आरडाओरड ऐकू आली, काही पडल्याचा किंवा फुटल्याचा आवाज आला, तर कोणीही उठून बघायला जाऊ नये. ती एकत्र खेळत आहेत असे समजावे.

वरील सर्व मजकूर मी लिहिला, मी वाचला, मला मान्य आहे. कमी लिहिले असे वाटते, जास्त नाही.

सही: लाँड्रीची मालकीण

आमच्यासमोर मालकीणबाईंनी सही केली आणि आम्ही त्यांच्यासमोर केली.

साक्षीदार पहिल्या: चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या बाई
साक्षीदार दुसरे: समोरच्या दवाखान्याचे डॉक्टर

स्थळ: दुकानामागची खोली
तारीख: डिसेंबरचा पहिला बुधवार